तुटलेल्या डीएनएतूनही ओळख पटते, पण नमुना नीट हवा

समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ १ जुलै २०२३ रोजी मध्यरात्रीनंतर नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस पेटली आणि २५ प्रवासी दगावले. चेहऱ्यावरून ओळख पटणे अशक्य होते. डीएनए चाचणीला वेळ लागणार असल्याने नातेवाइकांच्या संमतीने दुसऱ्याच दिवशी २४ जणांवर बुलडाण्यात सामूहिक अंत्यसंस्कार झाले.

आगीप्रमाणेच पाणी, उष्णता आणि जिवाणूही डीएनएचे तुकडे करतात. गोंदिया जिल्ह्यातील इटियाडोहसारख्या जलाशयात किंवा भोवतालच्या जंगलात मृतदेह उशिरा सापडला, तर हाच प्रश्न उभा राहतो.

ओळखीसाठी सहसा 'एसटीआर' या खुणा तपासतात. डीएनएमधील काही अक्षरांचा छोटा गट एकाच जागी किती वेळा पुन्हा येतो, हे त्यात मोजले जाते. नेहमीच्या चाचणीत त्यासाठी सुमारे १०० ते ४५० अक्षरांचा सलग तुकडा लागतो. डीएनए त्याहून बारीक तुटला असेल, तर लांब खुणा निकालातून गळतात. 'मिनी-एसटीआर'मध्ये आजूबाजूचा अनावश्यक भाग वगळून आखूड तुकड्यावर काम भागते. 'एसएनपी'मध्ये एकाच अक्षरातला फरक पाहतात, म्हणून तुकडा आणखी लहान चालतो. मात्र अशा खुणा बऱ्याच तपासाव्या लागतात. केस किंवा जुन्या हाडांत मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए उपयोगी पडतो. पेशीत त्याच्या शेकडो प्रती असतात. पण तो आईकडूनच येत असल्याने सख्ख्या भावंडांत फरक करता येत नाही. न्यूयॉर्कमधील २००१ च्या हल्ल्यानंतर ही तंत्रे वापरली गेली, तरी २,७५३ मृतांपैकी सुमारे ४० टक्के जणांचे अवशेष अजून ओळखता आलेले नाहीत.

म्हणून खरी कसोटी शवागारातच लागते. फॉर्मालिनमध्ये ठेवलेल्या नमुन्यातील डीएनए खराब होतो. कुजलेल्या देहातून दाढ किंवा मांडीचे हाड घेऊन, कोरडे करून कागदात बांधून पाठवणे हिताचे असते. ओलसर नमुना प्लॅस्टिकमध्ये बंद केला, तर बुरशी धरते.

सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जावे, अशी तरतूद १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी कायद्यात आहे. राज्यांना त्यासाठी पाच वर्षांची मुदत आहे. बेवारस मृतदेहाची नोंद मात्र बहुधा 'अकस्मात मृत्यू' अशी होते आणि तो या तरतुदीबाहेर राहतो. बेपत्ता व्यक्ती आणि अनोळखी मृतदेह यांची डीएनए नोंद ठेवू पाहणारे विधेयक २०२३ मध्ये मागे घेतले गेले. जुळवायला नातेवाइकांचा नमुनाच नसेल, तर उत्तम अहवालही फायलीतच राहतो.

मृतदेहाची ओळख पटली नाही, तर मृत्यूचा दाखला मिळत नाही. मग माणूस मृत मानला जाण्यासाठी कायद्याने सात वर्षे थांबावे लागते. तोवर त्याच्या पत्नीची विधवा म्हणून नोंद होत नाही. त्यामुळे अनोळखी देहाचा अंत्यविधी करण्यापूर्वी एक दाढ आणि एक हाड जपून ठेवणे हा प्रत्येक ग्रामीण शवागारात नियम व्हायला हवा.