धूर शहराचा, त्रास गावाला! उन्हाळ्यातला ओझोन वाऱ्यावर कुठे जातो?

हवा खराब म्हटलं की डोळ्यासमोर येतं मोठं शहर, ट्रॅफिक आणि कारखान्यांची धुराडी. उन्हाळ्यातला ओझोन मात्र हा हिशेबच उलटा करतो. अमेरिकेतलं शेबॉयगन हे त्याचं बोलकं उदाहरण.

विस्कॉन्सिन राज्यात मिशिगन सरोवराच्या काठावर हे छोटं शहर आहे. आजूबाजूला शेती आणि दुधाचा धंदा. शिकागो तिथून दोनशे किलोमीटरहून लांब. तरीही उन्हाळ्यात इथल्या काठावर ओझोन वारंवार मर्यादेबाहेर जातो.

ओझोन येतो कुठून?

ओझोन कुठल्याच सायलेन्सरमधून थेट बाहेर पडत नाही. गाड्या, वीजकेंद्रं, कारखाने यांतून निघणारे नायट्रोजनचे ऑक्साइड आणि पेट्रोल, रंग, थिनरच्या वाफा एकत्र आल्या, वर कडक ऊन पडलं, की तो हवेत तयार होतो. उंच आकाशात तो अतिनील किरणं अडवतो, पण जमिनीलगत तोच छातीला त्रास देतो.

वाऱ्याचा खेळ

कोकणात खारे आणि मतलई वारे सगळ्यांना माहीत आहेत. मोठ्या सरोवरावरही तसंच होतं. रात्री आणि पहाटे जमिनीवरचा वारा शहरांचा धूर पाण्यावर ढकलतो. उन्हाळ्याच्या सुरुवातीला पाणी थंड असतं, त्यामुळे त्याच्यावरची हवा वर उठत नाही. झाकण ठेवलेल्या पातेल्यासारखा धूर तिथे कोंडतो आणि उन्हात त्याचा ओझोन होतो. दक्षिणेचा वारा तो उत्तरेकडे नेतो आणि दुपारी सरोवराचा वारा काठावर आणून सोडतो. काठापासून काही किलोमीटर आत गेलं की प्रमाण बरंच कमी होतं. २०१७ च्या मे-जूनमध्ये शास्त्रज्ञांनी विमानं आणि बोटी घेऊन हाच प्रकार मोजला.

भुर्दंड कोणाला?

अमेरिकेत आठ तासांची मर्यादा ७० पीपीबी आहे, म्हणजे हवेच्या शंभर कोटी भागांत ७० भाग. ती ओलांडली की नियम त्या काउंटीला लागतात. शेबॉयगनच्या लोकांना गाड्यांची धूर तपासणी करावी लागते, पण बराचसा धूर त्यांचा नाहीच. म्हणून तिथे वाद सुरू राहतो. मोजमाप काठावर, मूळ दुसऱ्या राज्यात.

आपल्याकडे काय?

आपल्याकडेही भर शहरात गाड्यांचा ताजा धूर काही ओझोन खाऊन टाकतो. वाऱ्याच्या दिशेला असलेल्या गावांत तो जास्त भरू शकतो. भारतात आठ तासांची मर्यादा १०० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर आहे. मात्र मोजणारी यंत्रं बहुतेक शहरांतच आहेत. जिथे यंत्र नाही, तिथे तक्रार कशाच्या आधारावर करायची?

प्रश्न पिकाचाही आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०१४ मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार, २००५ या एका वर्षात ओझोनमुळे देशाचा सुमारे ३५ लाख टन गहू बुडाला. सोयाबीन आणि कापसालाही फटका बसतो. पानावर बारीक ठिपके पडतात, शेतकरी रोग समजून फवारणी करतो.

ओझोन दुपारी ते संध्याकाळी जास्त असतो. दम्याचे रुग्ण, लहान मुलं आणि उन्हात राबणारे मजूर यांना त्याचा त्रास आधी होतो. तोंडाला रुमाल बांधून हा वायू अडत नाही. जड काम सकाळी उरकणं हाच सोपा उपाय. कचरा पेटवणं थांबवणं गावाच्या हातात आहे. शहराचा धूर आणि तालुक्यात मोजणी यंत्र, हे मात्र सरकारलाच पाहावं लागेल.