सेवेची पावले आणि पादत्राणांचा प्रश्न

रुग्णसेवेचा गौरव करताना आपला समाज शब्दांची काटकसर करीत नाही. दरवर्षी १२ मे रोजी परिचारिका दिन आला की ठिकठिकाणी सत्कार होतात, शाल-श्रीफळ दिले जाते, भाषणांतून मातृशक्तीचे गुणगान होते. मात्र ही सेवा ज्या पावलांवर उभी असते, त्या पावलांची विचारपूस सहसा होत नाही. विषय वरकरणी क्षुल्लक वाटेल; पण आठ ते बारा तास उभे राहून राबणाऱ्या स्त्रीच्या दृष्टीने तो क्षुल्लक नाही.

पनवेलचेच उदाहरण पाहावे. १८५२ सालच्या नगरपालिकेचे २०१६ मध्ये महानगरपालिकेत रूपांतर झाले. उपजिल्हा रुग्णालय, कामोठ्याचे एमजीएम रुग्णालय आणि नवीन पनवेल, कळंबोली परिसरातील खासगी रुग्णालये यांत असंख्य स्त्रिया डॉक्टर, परिचारिका, तंत्रज्ञ, आया व सफाई कर्मचारी म्हणून काम करतात. अनेकींचा दिवस लोकल किंवा एसटीच्या गर्दीत सुरू होतो आणि घरी परतल्यावर स्वयंपाकघरात संपतो. त्यात कोकणचा पावसाळा! सकाळी भिजलेला जोड दिवसभर पायात राहिला की त्वचेचे विकार ठरलेलेच.

रुग्णालयातील पादत्राण कसे असावे, याचे उत्तर कामाच्या स्वरूपातच दडलेले आहे. सुई किंवा कात्री पायावर पडू शकते, रक्त व औषधे सांडू शकतात. म्हणून पुढचा भाग बंद हवा. ओल्या फरशीवर न घसरणारा तळवा, धुता येईल असा पृष्ठभाग, रुग्णाची झोप न मोडणारी चाल आणि टाचेला आधार देणारी बेताची उंची हवी. उंच टाचेने शरीराचा भार चवड्यावर येतो. अगदी सपाट, पातळ तळव्याने टाच दुखू लागते. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ही अभिमानाची बाब. परंतु अतिदक्षता विभाग हे तिचे स्थान नव्हे.

रुग्णालयाची शिस्त व प्रतिष्ठा वेशातूनही दिसली पाहिजे, असे काही व्यवस्थापने म्हणतात. त्यात तथ्य आहे. रुग्णाला व्यवस्थित, स्वच्छ वेशातील परिचारिका पाहून धीर येतो. पण नीटनेटकेपणा म्हणजे नाजूकपणा नव्हे. गणवेश हा कार्यासाठी असतो. नऊ दशकांची परंपरा असलेल्या संघानेही २०१६ च्या विजयादशमीपासून अर्ध्या चड्डीऐवजी पूर्ण विजार स्वीकारली. शिस्त तसूभरही ढळली नाही. मग परिचारिकेच्या बुटांबाबत 'आमच्याकडे हेच चालते' हा आग्रह कशासाठी?

पादत्राण हे केवळ सजावटीचे साधन नाही, हे पनवेलकरांना वेगळे सांगायला नको. जवळच नेऱ्याच्या शांतिवनात अनेक दशके कुष्ठरुग्णांची सेवा चालू आहे. कुष्ठरोगात पायाची संवेदना गेली की बोचलेले कळत नाही आणि जखम चिघळते. म्हणून अशा रुग्णांसाठी मऊ रबरी तळव्याच्या विशेष चपला हा उपचाराचाच भाग मानला जातो. रुग्णाच्या पायाबद्दल असणारी ही जाणीव त्याची शुश्रूषा करणाऱ्या स्त्रीच्या पायाबद्दलही असायला हवी.

या प्रश्नाला स्वदेशीचीही बाजू आहे. आपल्या बाजारात वर्षानुवर्षे ब्रिटिश, युरोपीय वा अमेरिकी मापेच चालत आली. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने २०२१-२२ मध्ये देशभरातील एक लाखाहून अधिक व्यक्तींच्या पायांची मापे घेतली, तेव्हा भारतीय पाऊल तुलनेने रुंद असल्याचे दिसून आले. त्यातूनच 'भा' या भारतीय मापपद्धतीचा प्रस्ताव पुढे आला. अरुंद जोडात पाय कोंबायचा किंवा रुंदीसाठी मोठा अंक घेऊन फटफटत चालायचे, ही स्त्रियांची कोंडी फोडण्याची संधी देशी उद्योजकांनी साधली पाहिजे.

खर्चाचे काय? केंद्र सरकारने २०१७ मध्ये सातव्या वेतन आयोगानुसार आपल्या परिचारिकांसाठी पादत्राणांसह दरमहा १,८०० रुपये गणवेश भत्ता ठरवला. तुटपुंज्या पगारावर राबणाऱ्या खासगी रुग्णालयांतील स्त्रियांना मात्र पुष्कळदा स्वतःच्याच पदराला खार लावावा लागतो. वर्षाला दोन चांगले जोड, आलटून-पालटून वापरता येतील असे, एवढे तरी व्यवस्थापनाने द्यावेत; तेही आया व सफाई कर्मचाऱ्यांना वगळून नव्हे.

कुटुंबानेही हा खर्च चैन समजू नये. मुलांच्या शाळेच्या बुटांसाठी पैसे बाजूला काढणारी आई स्वतःसाठी रस्त्यावरची स्वस्त चप्पल घेते, हे घराघरांतले चित्र आहे. तिला संध्याकाळी, पाय किंचित सुजलेले असताना, दुकानात नेऊन नीट मापाचा जोड घेऊन देणे हे घरच्यांचे साधे कर्तव्य आहे. पुढच्या परिचारिका दिनी शाल-श्रीफळाबरोबर एवढा विचार झाला, तर त्या सत्काराला खरा अर्थ येईल.