‘आपला माणूस’ आणि घराचा कागद

आखातात नोकरी लागली की आमच्या मोहल्ल्यात पहिला प्रश्न होतो, “तिथे आपलं कोण आहे?” पगार किती, बायकामुलांना नेता येईल काय, हे नंतर. कुटुंब न्यायचे ठरले की घराचे कामही त्याच ‘आपल्या माणसा’वर सोपवतात. तो फोनवर सांगतो, “खोली बघून ठेवलीय, पैसे पाठव, बाकीचं मी बघतो.” चिपळूण-खेडपासून श्रीवर्धनपर्यंत चालत आलेली ही रीत आता मोडली पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

मुंबईत नोकरीला आलेला कोकणी मुसलमान पूर्वी गावच्या जमातीच्या खोलीत उतरत असे. खर्च वाटून घेतला जाई, त्यात कुणाचा नफा नसे. तिथे भरवसा पुरेसा होता. दुबईतला ‘आपला माणूस’ मात्र पुष्कळदा स्वतःच भाडेकरू असतो. तो मालकाकडून फ्लॅट घेतो, प्लायवूडची पार्टिशने घालून त्याच्या खोल्या करतो आणि एकेक खोली रोखीने भाड्याने देतो. हा धंदा आहे. त्याला बिरादरीची सेवा म्हणणे थांबवावे.

दुबईच्या 2007 च्या 26 क्रमांकाच्या भाडेकायद्यानुसार मालकाच्या लेखी संमतीशिवाय पोटभाडेकरू ठेवता येत नाही. ठेवला तर मालक दोघांनाही घराबाहेर काढण्याची मागणी करू शकतो. मग पोटभाडेकरूने नुकसानभरपाई मागायची ती कोणाकडे? त्या ‘आपल्या माणसा’कडेच! जून 2025 मध्ये दुबई महापालिकेने रिग्गा, मुरक्कबात, सतवा, बर्शा, रफ्फा या भागांत बेकायदा पार्टिशनांविरुद्ध मोहीम काढली. अशा वेळी मुलांना घेऊन रस्त्यावर आलेल्या बाईने कोणता कागद दाखवायचा?

कागद कोणता, हेही सांगितले पाहिजे. दुबईत 2010 पासून भाडेकरार ‘इजारी’ या सरकारी नोंदणीत नोंदवावा लागतो. इजारा हा शब्द आपल्याला नवा नाही. कुटुंबाच्या व्हिसासाठी हा करार लागतो, स्वतःच्या नावावर वीज-पाणी घ्यायलाही तो लागतो. ज्या घराची इजारी तुमच्या नावावर नाही, ते घर तुमचे नाही, मग पैसे किती का भरलेले असेनात.

यावर म्हणतात, गरिबाने जायचे कुठे? हा प्रश्न खरा आहे. 2019 च्या नियमाप्रमाणे 4,000 दिरहम पगारावर, किंवा 3,000 दिरहम आणि राहण्याची सोय असल्यास, कुटुंब आणता येते. पण हिशेब मांडून पाहा. वर्षाचे भाडे 60,000 दिरहम धरले आणि ते चार चेकांत द्यायचे ठरले, तर पहिला चेक 15,000 चा. रिवाजाप्रमाणे पाच टक्के अनामत 3,000, दलालाचे पाच टक्के 3,000. वीज-पाण्याची अनामत वेगळी. म्हणजे घरात पाऊल ठेवण्याआधीच 21,000 हून अधिक. शिवाय भाड्याच्या पाच टक्के घरशुल्क दर महिन्याच्या वीजबिलातून जाते. वर्षाला 48,000 कमावणाऱ्याला हे झेपत नाही. व्हिसा मिळतो म्हणून घर परवडते, असे नव्हे. त्याने आधी एकट्याने जावे, घर स्वतःच्या डोळ्यांनी बघावे आणि पैसे साठल्यावर कुटुंब न्यावे. वर्षभराचा विरह कठीण खरा, पण परक्या पुरुषांशी संडास-बाथरूम वाटून घेत राहणे बायकोला सोपे जाईल काय?

आणि तिला कोणी विचारले? नवरा सकाळी जातो, रात्री येतो. दिवसभर त्या चार भिंतींत तिला राहायचे असते. गावात पडद्यावर तासन्‌तास बोलणारे आमचे बुजुर्ग या पार्टिशनच्या खोलीबद्दल गप्प का बसतात? मुंबई-पुण्यात आडनाव ऐकून घर नाकारले की आम्ही लेख लिहितो, आणि लिहिलेच पाहिजेत. पण आपल्याच माणसाने आपल्याच लेकीसुनेला प्लायवूडच्या खोलीत ठेवून भाडे उकळले, तर त्यावर अवाक्षर नाही!

“भावाकडे कागद मागायचा? लाज नाही वाटत?” असेही ऐकवले जाते. कुरआनातील सर्वांत लांब आयत, सूरह बकराची 282 वी, मुदतीच्या देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवायला सांगते. साक्षीदार ठेवा, रक्कम लहान असो की मोठी, लिहिण्याचा कंटाळा करू नका, असे सांगते. त्यात भाऊबंदांना सूट दिलेली नाही. मग लाज कागद मागणाऱ्याने बाळगायची की टाळणाऱ्याने?

आमचे म्हणणे एवढेच. नोंदवलेला करार हातात आल्याशिवाय मुलांचे शाळेचे दाखले काढू नयेत, बाईने नोकरी सोडू नये. तिचा भाऊ-बाप जिवंत असतील तर त्यांनी जावयाकडे तो करार मागावा. आणि आखातातल्या आमच्या जमातींनी, वर्षाकाठी स्नेहसंमेलनांवर खर्च होतो त्यातला काही पैसा बाजूला काढून, नव्याने येणाऱ्या कुटुंबाला पहिल्या चेकपुरते कर्जे-हसना द्यावे आणि करार वाचून दाखवणारा एक जाणकार नेमावा. एवढे ज्या दिवशी होईल, त्या दिवशी ‘आपला माणूस’ हा शब्द पुन्हा अभिमानाने उच्चारता येईल.