स्वभावाची हमी, कागदासकट

माझं नागपूर-पुराण वाचकांना पाठ आहे. लग्नाचा बस्ता नागपूरचा, डॉक्टर नागपूरचा. आता बालाघाटला कुत्र्याचा स्वभावही नागपूरहूनच येतो. परवा गल्लीत लॅब्राडोरचं पिल्लू आलं. सोबत वंशावळीचा चकचकीत कागद आणि विकणाऱ्याची हमी: ‘भाऊ, ही जातच शांत!’

२०२२ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात अठरा हजारांवर कुत्र्यांचा अभ्यास छापून आला. कुत्र्या-कुत्र्याच्या वागण्यात जो फरक दिसतो, त्यातला जेमतेम ९ टक्के जातीवरून सांगता येतो. उरलेल्या ९१ टक्क्यांची हमी त्या भाऊंनी कुठून आणली?

आता आमच्या काली पुतली चौकातला बेवारशी कुत्रा घ्या. त्याच्याकडे कागद नाही, पण माणूस वाचायला तो पक्का. टपरीवाल्याच्या हातात बिस्कीट दिसलं की शेपूट हलते. तुम्ही चपलेचा पट्टा सरळ करायला वाकलात की स्वारी पसार, कारण वाकलेला माणूस दगड उचलतो. कोलकात्याच्या आयसर संस्थेतल्या अनिंदिता भद्रा यांच्या चमूने अशाच १६० रस्त्यावरच्या कुत्र्यांपुढे दोन झाकलेले वाडगे ठेवले आणि एकाकडे बोट दाखवलं. निम्मे जवळ फिरकलेच नाहीत. जे आले, त्यांतल्या सुमारे ८० टक्क्यांनी बोट दाखवलेलाच वाडगा गाठला. ना ट्रेनर, ना पट्टा. मला ते न आलेले निम्मेच जास्त बोलके वाटतात. आपल्या दगडांचा हिशेब त्यांच्याकडे आहे. याच चमूचं २०१७चं काम सांगतं की अनोळखी माणूस पुन्हापुन्हा भेटत राहिला, तर त्याच्यावरचा विश्वास खाण्यापेक्षा गोंजारण्याने जास्त बसतो. आपण मात्र शिळी पोळी लांबून फेकतो आणि वर म्हणतो, कुत्री माजलीत.

लॅब्राडोर वाईट नव्हे. पण त्याचा ‘शांत स्वभाव’ म्हणजे बराचसा त्याला मिळालेल्या हातांचा स्वभाव, आणि तेच चौकातल्यालाही लागू. नागपूरच्या दुकानात हात मिळत नाहीत.

कुत्र्यांच्या वागण्याचे अभ्यासक स्कॉट आणि फुलर यांनी १९६५ सालीच लिहून ठेवलंय की पिल्लाची माणसांशी सलगी जमण्याचा काळ साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्याचा. त्यातले पहिले आठवडे आईजवळचे. तेव्हा पिल्लू घ्यायचंच तर आधी त्याची आई पाहा, ती माणसाला कशी सामोरी येते ते पाहा. आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू कोणी हातात ठेवत असेल, तर घेऊ नका.