कर्ड्याचा सावकार आणि कादंबरीतला खलनायक

मराठीच्या वर्गात ‘विषय’ आणि ‘आशयसूत्र’ यांची गल्लत ठरलेलीच. कर्जबाजारीपणा हा विषय. त्या कर्जातून माणसाचे आणि काळाचे जे काही उघडे पडते, ते आशयसूत्र. हा फरक समजावायला शिरूर-दौंडच्या शिक्षकांना फार लांब जायला नको.

शिरूर तालुक्यातल्या कर्डे गावी डिसेंबर १८७४ मध्ये काळूराम नावाच्या सावकाराने बाबासाहेब देशमुखांवर हुकूमनामा मिळवला आणि त्यांचे घर पाडायला काढले. गावाने हात उगारला नाही, नुसते अंग काढून घेतले. न्हावी हजामत करीना, पाणी कुणी भरीना, शेत कुणी कसेना. शेवटी स्वारीने शिरूर गाठले. भडका उडाला तो पुढे, १२ मे १८७५ रोजी, सुप्याच्या बाजारात. सुपे तेव्हा भीमथडी तालुक्यात. आजचा दौंड तालुकाही त्या भीमथडीतलाच. जमावाने दुकाने लुटली, पण माणसे मारण्यात त्याला रस नव्हता. त्याला हवे होते कर्जरोखे. जिथे मिळाले तिथे ते जाळले.

रोख्यांवरच राग का? १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने तीन वर्षे उलटली की रोख्यावरचा दावा बाद ठरू लागला. हेतू कुळाला सोडवण्याचा होता म्हणतात. सावकाराने त्यातून वाट काढली: दर तीन वर्षांनी थकलेले व्याज मुद्दलात मिळवायचे, नवा रोखा लिहायचा आणि अक्षरशत्रू कुळाची त्यावर निशाणी घ्यायची. त्यात अमेरिकेतले यादवी युद्ध १८६५ मध्ये संपले, कापसाचा भाव बसला आणि वर साराही वाढला. प्रसंग तोच, आकडा मात्र दर वेळी फुगलेला. याहून घट्ट कथानक कुठल्या कादंबरीकाराला सुचले असते? कागदापुढे तोंडचा शब्द हरतो, हे त्याचे आशयसूत्र. जळता रोखा हे प्रतीक समीक्षकांनी मागाहून चिकटवलेले नाही. आपण काय जाळतो आहोत हे जाळणाऱ्यांना पक्के ठाऊक होते.

हे जग कादंबरीत आणले ते सत्यशोधक कृष्णराव भालेकरांनी. त्यांची ‘बळीबा पाटील’ १८८८ मध्ये ‘दीनबंधू’तून क्रमशः आली. दोनच वर्षांनी हरिभाऊ आपट्यांचे ‘करमणूक’ निघाले, ‘पण लक्षात कोण घेतो?’ आली आणि मराठी वास्तववादाचा पत्ता पांढरपेशा घराचा झाला. आपट्यांच्या थोरवीविषयी वाद नाही. पण त्यांचे लिखाण ते वास्तव आणि भालेकरांचे ते ‘ग्रामीण’, ही विभागणी वाङ्मयाच्या इतिहासकारांनी जरा जास्तच सहज पचवली.

पुढे सावकार उरला तो साचा म्हणून. १९२५ मध्ये बाबूराव पेंटरांचा ‘सावकारी पाश’ आला. तो चित्रपट मोठाच, पण नंतरच्या नकलांत सावकार म्हणजे मिशी, चोपडी आणि लबाड हसू एवढेच राहिले. समीक्षेच्या भाषेत हे सपाट पात्र. कर्ड्याचा काळूराम मात्र रीतसर कोर्टाची पायरी चढला होता आणि निकाल त्याच्याच बाजूने लागला होता. तेव्हा या कथेतला प्रतिपक्ष कोण, काळूराम की मुदतीचा कायदा, असा पाच गुणांचा प्रश्न परीक्षेत घालायला हरकत नाही.