ढोलकीवाला घरी अन् ट्रॅक स्टेजवर!



आज जरा स्पष्ट बोलतो. राग आला तर येऊ द्या, पण गणपतीची वर्गणी सुरू व्हायच्या आत हे बोलणं भाग आहे.

परवा आपल्या रोहिणखेडातच एका मंडळाच्या बैठकीत बसलो होतो. गाण्याच्या कार्यक्रमाचा विषय निघाला. मी म्हटलं, पेटी-तबलेवाल्यांना आत्ताच सांगून ठेवू. लगेच एक पोरगा म्हणे, "कायले पायजे भाऊ वादक? सबन ट्रॅक मोबाईलमधी हायेत. डाउनलोड केलं की झालं, पैसाबी लागत नाही." सगळ्यांनी माना डोलावल्या. विषय संपला. त्याच बैठकीत डीजेची रक्कम मात्र दोन मिनिटांत मंजूर! म्हणजे पैसा आहे. फक्त वादकासाठी नाही.

मी ट्रॅकचा दुश्मन नाही. घरी रियाज करायला ट्रॅक चांगलाच. ज्या पोरीला गावात शिकवणारं कोणी नाही, तिला मोबाईलवरच्या ट्रॅकने ताल-सूर कळतो, धीर येतो. माझं भांडण स्टेजवरच्या ट्रॅकशी आहे.

मागच्या वर्षीचं आठवा. सातवीतली एक पोरगी गायला उभी राहिली. ट्रॅक मूळ गायिकेच्या पट्टीतला, अन् पोरीचा आवाज त्या पट्टीचा नाही. अंतऱ्याला आवाज फाटला, ती थांबली. ट्रॅक थांबला नाही, तो आपला पुढे पळाला. पोरं हसली, ती रडत खाली उतरली. पेटीवाला असता तर त्याने तालमीतच सांगितलं असतं, "बेटा, काळी चार नको, काळी दोनमध्ये घे." स्टेजवर चुकली असती तर त्याने मुखडा पुन्हा वाजवून तिला सांभाळून घेतलं असतं. मोबाईलवर पट्टी बदलता येते, मान्य. पण कोणती पट्टी लावायची हे सांगायला कान लागतो. तो कुठून डाउनलोड करणार?

आता गंमत ऐका. कराओके हा शब्द जपानचा. अर्थ काय? रिकामा वाद्यवृंद! कोबे शहरात दाइसुके इनोऊए नावाचा वादक होता. एका गिऱ्हाइकाला सहलीत गाण्यासाठी त्याची साथ हवी होती. याला जाता येईना, म्हणून त्याने आपली साथ टेपवर भरून दिली. त्यातूनच १९७१ मध्ये त्याने नाणं टाकून चालणारं यंत्र बनवलं. म्हणजे तिथे वादकाला येता येत नव्हतं म्हणून टेप आली. आपल्याकडे वादक दोन गल्ल्या सोडून घरी बसलेला आहे, यायला तयार आहे, अन् आपण त्याला बोलावतच नाही!

त्याच जपानला १९५५ साली विश्वधर्म परिषदेसाठी आपले तुकडोजी महाराज गेले होते. विदर्भाची गावंच्या गावं त्यांनी एका खंजिरीवर जागी केली. आज त्यांचंच भजन आपण पेन ड्राइव्हवर लावतो अन् खंजिरी खुंटीला टांगून ठेवतो. काय म्हणावं याला?

"फुकट मिळते" हेही तपासा जरा. त्या ट्रॅकमधली बासरी, ढोलक कोणीतरी वाजवलेली असते. त्या माणसाला आपण रुपया देत नाही. अन् इथल्या ढोलकीवाल्यालाही देत नाही. मग पुढच्या पिढीने वाजवायला शिकावं तरी कशासाठी? ज्या घरात बापाची ढोलकी माळ्यावर पडलेली आहे, त्या घरातला पोरगा तबल्याला हात लावेल का?

म्हणून सगळ्या मंडळांना माझ्या तीन मागण्या. एक, कार्यक्रमातली निदान अर्धी गाणी गावातल्या वादकांच्या साथीवर व्हावीत. दोन, डीजेची रक्कम ठरवण्याआधी वादकांचं मानधन ठरवा, अन् ते शाल-नारळात नको, रोख द्या. तीन, लहान लेकरांना वादकांसोबत निदान चार तालमी द्या.

ट्रॅक कुठे पळून जात नाही, तो दहा वर्षांनीही मोबाईलमध्ये सापडेल. आपले म्हातारे ढोलकीवाले, पेटीवाले तेव्हा असतील का?

पुढच्या बैठकीत मी हाच विषय पुन्हा काढणार आहे. ज्यांना पटलं त्यांनी नुसता अंगठा दाखवू नका, बैठकीला या अन् तोंडाने बोला.