काटा कोणी तपासला?

भोकरदन तालुक्यातील पिंपळगाव रेणुकाई हे गाव हिरव्या मिरचीच्या बाजारासाठी ओळखले जाते. व्यापारात मिरची ज्या काट्यावर तोलली जाते, त्या काट्यावर वैधमापन खात्याचा शिक्का असावा लागतो आणि ठरावीक मुदतीने तो पुन्हा तपासून घ्यावा लागतो. कायदाच तसा आहे. मिरचीच्या बाबतीत जी दक्षता आपण बाळगतो, ती त्याच गावातील सत्तरीच्या शेतकऱ्याचे मन तोलताना बाळगत नाही, ही आमची तक्रार आहे.

मन तोलण्याचे काटे आज पुष्कळ झाले आहेत. हॅमिल्टन यांचा १९५९ चा, बेक यांचा १९८८ चा २१ प्रश्नांचा, २००६ चा सात प्रश्नांचा ‘जीएडी-७’. आणि खास वृद्धांसाठी पचाना व त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑस्ट्रेलियात तयार करून २००७ मध्ये प्रसिद्ध केलेली २० विधानांची सूची. उत्तरांना गुण द्यायचे, बेरीज करायची आणि उंबरठ्यापलीकडे गेलेल्या माणसाला चिंताविकार असावा असे मानायचे. ‘जीएडी-७’ मध्ये २१ पैकी १० हा तो उंबरठा. प्रश्न विचारूच नयेत, असे म्हणणाऱ्यांपैकी आम्ही नव्हे. ‘वय झाले की जीव घाबरायचाच’ या एका वाक्यावर आपण घरोघरच्या म्हाताऱ्यांची बोळवण करीत आलो; त्यापेक्षा कागदावरचे सात प्रश्न केव्हाही बरे. आमचे भांडण आहे ते उसना काटा न तपासता वापरण्याशी.

भाषेचेच पाहा. पचाना यांच्या सूचीत, तसेच झिग्मंड व स्नेथ यांच्या १९८३ च्या रुग्णालयीन प्रश्नावलीत पोटात फुलपाखरे फडफडल्यासारखे वाटण्याचा उल्लेख आहे. इंग्रज माणसाला त्याचा अर्थ तत्काळ कळतो. मराठवाड्यातील आजीला तो शब्दशः विचारला, तर ती फार तर जंताचे औषध मागेल! तिच्या पोटात गोळा येतो, छातीत धस्स होते, जीव वरखाली होतो, हातपाय गळतात, रात्री डोळ्याला डोळा लागत नाही. ‘चिंता’ हा शब्द ती आजारासाठी वापरीतच नाही. चिंता नातीच्या लग्नाची असते, मिरचीच्या भावाची असते. आजचा भाव उद्या राहील की नाही, याची काळजी करणारा शेतकरी आजारी नव्हे, हिशेबी आहे. पण ‘पुष्कळदा काळजी वाटते का?’ या प्रश्नाला तो ‘हो’ म्हणणार आणि त्या ‘हो’ला गुण पडणार. वसईच्या वाडीत कादोडी बोलणाऱ्या आजीची गत याहून निराळी नाही. छापील मराठी तिलाही परकीच.

शरीराची गोष्ट तर याहून गंभीर आहे. बेक यांच्या यादीत धडधड, थरथर, धाप, घाम असे शरीराचे प्रश्न बरेच आहेत. पंचविशीत ही लक्षणे भीतीकडे बोट दाखवतील. पंचाहत्तरीत तीच धडधड थायरॉइडची, थरथर दम्यावरील साल्ब्युटामॉलची आणि जेवणाआधी सुटलेला घाम मधुमेहाच्या गोळीने साखर उतरल्याचा असू शकतो. झिग्मंड व स्नेथ यांनी शरीराची लक्षणे हेतुतः वगळली होती, कारण त्यांची प्रश्नावली रुग्णालयातील आजारी माणसांसाठी होती. काटा घडवणाऱ्याला त्याची मर्यादा ठाऊक होती. उसना घेणारा ती विचारीत नाही. मग चुकीच्या बेरजेपाठोपाठ अल्प्राझोलॅमची गोळी येते. या वर्गातील औषधांनी म्हातारपणी तोल जातो, माणूस पडतो, खुब्याचे हाड मोडते. म्हणूनच अमेरिकेतील वृद्धरोगतज्ज्ञांच्या ‘बीअर्स’ यादीत ती वृद्धांना देणे टाळावे असे सांगितले आहे. उलट, मुलगा व सून समोर बसलेली असताना भीतीविषयी विचारले, तर उत्तर ठरलेले: ‘काही नाही, बरं आहे.’ गुण शून्य, आणि रात्र तशीच जागी.

सरकारी कागदांवर तर या धास्तीला जागाच नाही. आशाताई तिशीवरील प्रत्येकाचा जो ‘सीबॅक’ तक्ता भरते, त्यात मनाविषयी दोन प्रश्न आहेत, दोन्ही खिन्नतेचे. साठीपुढच्यांना चालताना तोल जातो का, जवळच्यांची नावे विसरतात का, हे विचारले जाते. २०१७-१८ च्या ‘लासी’ या देशव्यापी पाहणीने ४५ वर्षांवरील ७२,००० हून अधिक लोकांना गाठले. तिचाही भर नैराश्यावरच.

कोणी म्हणेल, खेड्यात मानसोपचारतज्ज्ञ नाही, तेव्हा प्रश्नावलीवाचून गत्यंतर काय? खरे आहे. राज्याची चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, येरवडा, नागपूर व रत्नागिरी येथे आहेत. मराठवाड्यात त्यांतले एकही नाही. पण तज्ज्ञ दूर आहे, म्हणूनच काटा अचूक हवा. तो शेजारी असता, तर कागदाची चूक त्याने तिथल्या तिथे सुधारली असती.

प्रश्न मराठवाड्याच्या बोलीत, म्हाताऱ्यांच्या तोंडचे शब्द ऐकून बांधावेत. तिकडच्याच गावांतील काहीशे वृद्धांना ते विचारून निकाल तज्ज्ञाच्या प्रत्यक्ष तपासणीशी ताडून पाहावेत आणि उंबरठ्याचा आकडा त्यावरून ठरवावा. विचारणाऱ्याने म्हाताऱ्याला एकट्याला गाठावे, प्रश्न वाचून दाखवावेत, उत्तराची घाई करू नये. गोळी लिहिण्यापूर्वी नाडी, साखर व थायरॉइड पाहावे आणि चालू औषधांची पिशवी समोर उपडी करून घ्यावी. याला खर्च येईल. मिरचीचे काटे तपासायलाही तो येतोच.